पहाणी वाचता येते का?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

पस्तिशी उलटल्यावर एलएलबी करू का, असं विचारलंस. वयाचं भूत आधी उतरव. पंचेचाळिशीपुढच्या माणसाला वकिलीची सनद, म्हणजे परवाना, द्यायची नाही, असा बार कौन्सिल या वकिलांच्या संस्थेचा नियम होता. सुप्रीम कोर्टाने तो 1995 साली रद्द ठरवला. मी स्वतः शाळामास्तरकी सोडून चाळिशीत प्रवेश घेतला, तेव्हा वर्गातली पोरं मला सर समजून उठून उभी राहायची.

पदवीला 45 टक्के आहेत ना? मग तीन वर्षांचा कोर्स मोकळा आहे. अडचण हजेरीची. घरबसल्या केलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही, आणि विषयागणिक 70 टक्के हजेरी लागते. म्हणून फी विचारायच्या आधी कॉलेजचं वेळापत्रक विचार, मग तू नोकरी करतेस त्या सोसायटीत साहेबांशी बोल. सनद घेतलीस की पूर्णवेळ पगारी नोकरी सोडावी लागेल, तेव्हा दोनेक वर्षांचा घरखर्च आत्तापासून बाजूला टाकत जा. मामाची जुनी पुस्तकं मिळतायत म्हणालीस. त्यातलं कराराच्या कायद्याचं ठेव; दंड संहितेचं परत कर, 1 जुलै 2024 पासून तिथे न्याय संहिता आली.

आता आपल्या बेळगावात वकिली करायची तर खरं दुखणं कन्नडचं. तुझं कन्नड बाजारापुरतं, माझंही तसंच होतं. पहिल्याच वर्षी एका दाव्यात समोरच्याची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, हातात पडली, सगळी कन्नडमध्ये टाईप केलेली. मी अक्षर लावत बसलो. माझा पक्षकार खानापूरकडचा म्हातारा शेतकरी. त्याने थोडा वेळ बघितलं, खिशातून चष्मा काढला, कागद माझ्या हातातून घेतला आणि मलाच वाचून दाखवला. वर फी पूर्ण दिली! ती घेताना मान वर झाली नाही बघ.

आपल्या भागात भांडणं मुख्यतः जमिनीची आणि वाटणीची. 1956 च्या आधी बेळगाव मुंबई राज्यात, त्यामुळे आजोबा-पणजोबांची खरेदीपत्रं मराठीत, काही तर मोडीत. आजची पहाणी, म्हणजे आपल्याकडचा सातबारा, मात्र कन्नड. एकच शेत, दोन भाषा. दोन्ही वाचणारा वकील शोधायला लोक किती हिंडतात, ते मी पाहिलंय. मराठी तुला घरात मिळाली. कन्नडची मात्र कॉलेज सुरू व्हायची वाट बघू नकोस. प्रवेशाच्या आधीच शिकवणी लाव.

रविवारी ये. आजीच्या ट्रंकेतली ती पिवळी पडलेली खरेदीपत्रं आण आणि त्याच शेताची पहाणी काढून आण. चहा मी करतो, वाचायचं तू.

तुझा,
काका