रेस कारचं इंजिन तापलं की 5500 आरपीएमच्या वर मिसिंग करतं, म्हणजे झटके खातं. प्लग, कॉइल बदलून झालं. आता ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) बदलू का?

नका बदलू. निदान एक रीडिंग घेतल्याशिवाय तरी नका.

तुम्ही लिहिलंय की गार असताना गाडी 7000 पर्यंत साफ ओढते, दोन-तीन लॅप झाल्या की फुल थ्रॉटलला 5500 च्या वर तुटायला लागते, आणि ट्यूनर म्हणतो ईसीयू गेला. वाचलं आणि 2009 चा मे महिना डोळ्यासमोर आला. ईसीयूच्या जागी फक्त "कॉइल" हा शब्द ठेवा (कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी), हेच वाक्य माझ्या थोरल्या भावाने मला तेव्हा रोज ऐकवलं होतं.

सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आम्हा दोघांचं गॅरेज होतं. कोल्हापूरकडच्या एका ऑटोक्रॉस शर्यतीसाठी गिऱ्हाइकाची जुनी कार्ब्युरेटरची एस्टीम तयार करायला घेतली होती. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं, रोल केज (आतला पाइपांचा सांगाडा) घातलेला, बॅटरी डिकीत नेलेली, आणि ड्रायव्हरच्या हाताशी गाडीचा सगळा करंट तोडणारा लाल चावीचा कट-ऑफ स्विच. सकाळी सातला ओळखीच्यांच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी सुसाट पळायची. ऊन चढलं की चौथ्या-पाचव्या चकरेला फट फट सुरू. सोलापूरचा मे, चाळीसच्या वर पारा, त्यामुळे सगळ्यांचं एकच म्हणणं : कॉइल तापतेय.

दादाने प्लगचे दोन सेट बदलले. मग एचटी वायरी (प्लगला जाणाऱ्या जाड वायरी), मग डेल्कोचं (डिस्ट्रिब्यूटरचं) झाकण आणि रोटर, मग कॉइल, मग आणखी एक कॉइल. प्रत्येक पार्ट गिऱ्हाइकाच्या बिलात. प्रत्येक वेळी प्लग काढून हेडला टेकवायचा, स्टार्टर मारायचा आणि निळी ठिणगी दाखवून म्हणायचा, "बघ, करंट कसला आलाय." मी मीटर काढला की, "मीटर घेऊन काय फिरतो बे, कामाला लाग."

ही प्लग हेडला टेकवून बघायची सवय मला मुळीच पटत नाही. उघड्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं. सिलेंडरमध्ये फुल थ्रॉटलला दाबलेलं मिश्रण असतं, दाब जितका जास्त तितकं जास्त व्होल्टेज लागतं. त्यात चार सिलेंडरला एकच कॉइल असेल तर 6000 आरपीएमला सेकंदाला 200 ठिणग्या. एका ठिणगीच्या वाट्याला 5 मिलिसेकंद, त्यातच कॉइल भरायची आणि रिकामी करायची. भरायला वेळ कमी, वर व्होल्टेज कमी, तर करंट पुरेसा चढतच नाही. कॉइलमधली ऊर्जा करंटच्या वर्गावर जाते, म्हणून थोड्या व्होल्टेजचा फटका मोठा बसतो. स्टार्टरवर दिसलेली निळी ठिणगी यातलं काहीच सांगत नाही.

एका रविवारी मी दोन लांब वायरी घेतल्या. एक बॅटरीच्या प्लसला, दुसरी कॉइलच्या प्लसला, आणि मधे मल्टीमीटर. म्हणजे दोन टोकांमधला फरक सरळ वाचता येतो. रेसच्या गाडीत बाजूची सीट नव्हतीच. मी पत्र्यावर बसलो, एका हाताने केज धरला, मीटर मांडीवर. दादा चालवत होता. पहिल्या चकरा 0.6 व्होल्ट. हेही जास्तच, पण इंजिन साफ. चौथ्या चकरेला पुढून रेडिएटरच्या फॅनचा घूं आवाज आला, आकडा उडी मारून 2.1 वर गेला, आणि त्याच वळणातून बाहेर पडताना मिसिंग सुरू झालं. मी ओरडलो, "फॅन! फॅन लागला की होतंय!" दादाने गाडी थांबवली. मी कट-ऑफ स्विचला बोट लावलं आणि चटका बसून हात मागे घेतला.

फॅनचे 10 आणि इग्निशनचे 4 अँपिअर, सगळे त्या एका स्विचमधून जात होते. 14 अँपिअरला 2.1 व्होल्ट पडतात म्हणजे स्विचच्या पोटात 29 वॉट उष्णता. साधी सोल्डरिंग आयर्न 25 वॉटची असते. डॅशवरचा व्होल्टमीटर बॅटरीवरून घेतलेला, त्यामुळे तो इमानदारीत 13.6 दाखवायचा आणि कॉइलला मिळायचे 11.5. ऊर्जेच्या हिशेबाने ते जवळजवळ 28 टक्के कमी. गाडी तापल्यावर बिघडत होती हे खरं, पण कॉइल तापल्यामुळे नव्हे, फॅन लागल्यामुळे.

तिथेच जम्पर केबलने स्विच बायपास केला. फॅन चालू, पाय खाली, इंजिन वरपर्यंत साफ. स्विच उघडला तर आतले कॉन्टॅक्ट काळे, पुसले तर बोटाला काजळी लागली.

आमचे वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. माग थांबला की ते आधी धागा कुठे तुटलाय ते बघायचे, अख्खा बीम (ताण्याचा रूळ) उतरवत नसत. त्याच माणसाच्या पोराने अंदाजाने पार्ट बदलत सुटावं, हे मला तेव्हाही लागलं आणि आजही लागतं.

आता तुमचं. बॅटरी ते कॉइल हा फरक गाडी तापलेली, फॅन आणि पंप चालू असताना मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर कट-ऑफ स्विच, रिले, फ्यूजबॉक्स, क्रिम्प केलेले लग एकेक करून मोजत पुढे जा. तसंच इंजिन ब्लॉक ते बॅटरी मायनस हा फरकही मोजा. माउंटिंगला रंग मारला आणि अर्थची पट्टी लावायची राहिली, हे मी बऱ्याच गाड्यांत पाहिलंय. ईसीयूचा लॉग काढता येत असेल तर बॅटरी व्होल्टेज आणि आरपीएम एकत्र बघा. आरपीएमची रेघ मधेच शून्याला आपटत असेल तर क्रँक सेन्सर (ईसीयूला इंजिनचा वेग सांगणारा) किंवा त्याची वायर. ती सेन्सरची वायर एचटी वायरींपासून लांब ठेवा आणि शील्डला अर्थ एकाच टोकाला द्या. रेघ सलग असून इंजिन तुटत असेल तर सेकंडरी बाजू (कॉइलपासून प्लगपर्यंतची) किंवा पेट्रोल. प्लगचा गॅप 1.1 मिलिमीटर असेल तर 0.8 करून बघा. गार प्लग (उष्णता लवकर सोडणारा) घेताना नंबर नीट बघा : एनजीकेमध्ये नंबर वाढला की प्लग गार होतो, बॉशमध्ये उलटं. ईसीयूची गाडी असेल तर प्लग रेझिस्टरचाच हवा.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या गाडीत पेट्रोलचा पंपही इलेक्ट्रिक असणार. व्होल्टेज पडलं की पंपही ढिला पडतो आणि मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), म्हणजे मिसिंग इग्निशनचं वाटलं तरी पेट्रोलचं असू शकतं. तेव्हा पंपाच्या टोकालाही मोजा. आणि मी बसलो तसं सीटशिवाय बसू नका, मीटर केजला बांधा आणि मोबाइलवर शूटिंग घ्या. ईसीयू कधीच जात नाही असंही नाही, जातो. पण सप्लाय आणि अर्थ मोजून झाल्याशिवाय त्याच्यावर आळ घेणाऱ्या ट्यूनरला पैसे देऊ नका.

पुढे आम्ही गॅरेज वेगळं केलं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला घरी सगळे जमतात तेव्हा दादा अजून पाहुण्यांना सांगतो की ती एस्टीम दुसऱ्या कॉइलने सुधारली. त्याला माहीत आहे की नवीन स्विच बसवल्यावर मी गाडीची मूळची जुनी कॉइल परत लावली, त्याच्यासमोर लावली. ऑटोक्रॉसच्या सगळ्या हीट (फेऱ्या) त्याच कॉइलवर झाल्या. त्याने घेतलेल्या दोन्ही नव्या कॉइल माझ्याकडे खोक्यात आहेत, दोन्ही चालू. गिऱ्हाइकाला त्या कॉइलचे पैसे मी माझ्या वाट्यातून परत दिले.