सुरमई बिघडते ती होडीतच

प्रश्न : ताई, एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आम्ही मित्र श्रीवर्धनला गेलो होतो. ओळखीच्या कोळीदादांच्या होडीतून गळ टाकला आणि सकाळी आठला माझ्या गळाला अडीच किलोची सुरमई लागली. ओल्या गोणपाटाखाली ठेवली. किनाऱ्यावर फोटो, जेवण, मग म्हसळा, माणगाव, ताम्हिणी करत रात्री आठला पुण्यात. वास अजिबात नव्हता. तळून खाल्ली आणि अर्ध्या तासात माझा, बायकोचा आणि आईचा चेहरा लालबुंद, अंगाला खाज, डोकं ठणकायला लागलं. सकाळपर्यंत उतरलं. आता सुरमई कायमची बंद का?
– एक वाचक, वारजे

उत्तर : आधी आई कशा आहेत ते कळवा. त्या वयात असा त्रास झाला की रात्र घरी काढू नये, आणि श्वास लागला तर थेट रुग्णालय गाठावं.

तिघांनी एकच मासा खाल्ला आणि तिघांनाही एकाच वेळी त्रास झाला, म्हणजे अ‍ॅलर्जीपेक्षा हिस्टामिनचा संशय जास्त. खाज आणि लाली आणणारं रसायन ते हेच. सुरमई, बांगडा, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यावर उन्हात राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झालं की तळून जात नाही, कुकरमध्ये जात नाही, फ्रीजरमध्येही जात नाही. वास येईलच असंही नाही. मात्र मी डॉक्टर नाही. पुन्हा सुरमई खाण्याआधी ही सगळी हकिगत डॉक्टरांना सांगा.

माझं माहेर श्रीवर्धन. लग्नानंतर पहिल्याच मे महिन्यात मी पिशवीतून बांगडे पुण्याला आणले होते. ते खाऊन नणंदेचं तोंड असंच लाल झालं, आणि घरात सगळ्यांनी दोष माझ्या मसाल्याला दिला. मीही तेच धरून चालले. चूक बारा तास आधीची होती हे फार उशिरा कळलं. म्हणून तुमचं पत्र वाचून जीव तुटला.

आता तुमच्या होडीत काय व्हायला हवं होतं ते सांगते. निघतानाच बंदरावरून बर्फ घ्यायचा, माशाच्या वजनाइतका तरी, आणि मे असेल तर दीडपट. रॉड-रीलवर हजारो रुपये घालणारी माणसं बर्फाला मागे-पुढे पाहतात, ते मला पटत नाही. मासा वर आला की डोक्यावर एक नेमका टोला द्या, म्हणजे तो तडफडत राहत नाही. कल्ले कापून रक्त जाऊ द्या. मग बर्फाचा चुरा आणि समुद्राचं पाणी एकत्र केलेल्या पेटीत तो पूर्ण बुडवा. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये फटी राहतात, पण हे गार पाणी माशाला सगळीकडून भिडतं. ओल्या गोणपाटाने ऊन अडतं, मासा गार होत नाही. किनाऱ्यावर आलात की कल्ले, आतडी काढा, पोटात बर्फ भरा आणि थर्माकोलच्या पेटीत खाली-वर बर्फाचे थर देऊन गाडीत ठेवा. वितळलेलं पाणी काढून टाकत जा, नाहीतर गोड्या पाण्यात मांस पांचट होतं. माणगावला चहाला थांबाल तेव्हा झाकण उघडून बर्फ पुरेसा आहे का, पाहा.

असा आणलेला मासा असेल तर रवा लावू नका, चव झाकली जाते. तुकड्यांना हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावा. आगळात मीठ असतं, म्हणून वरचं मीठ बेतानं. पंधरा मिनिटं पुरे, आणि तीही फ्रीजमध्ये. तांदळाच्या पिठात हलकं घोळवून लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर तळा. डोकं टाकू नका. ओलं खोबरं, धणे, सुक्या मिरच्या वाटून त्याचं कालवण करा आणि आमसुलाऐवजी कैरीच्या फोडी घाला. उन्हाळ्यात माझी आई दुसरं काही घालतच नसे.

प्रश्न : जूनच्या पहिल्या शनिवारी होडीतून जायचा बेत आहे. चालेल ना?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तो बऱ्याच माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. जास्त पैसे देऊन कुणाला गळ घालू नका. नारळी पौर्णिमा होऊ द्या, मग कोळीदादांना फोन करा.