एक्स-रे नॉर्मल, तरी दोन महिने गुडघा दुखतोय. बोन ब्रूज एवढा दुखतो का? एमआरआय करावा का?

दुखतो. बोन ब्रूज म्हणजे हाड न मोडता त्याला आतून बसलेला मार. तुम्ही लिहिलंय, ‘घरचे म्हणतात हाड तर मोडलं नाही, मग एवढं काय’. ते वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतात जेवायचा सण, बारा दिवसांवर आलेली. मुरूडहून लातूरला येत होतो, गाडी धाकट्या भाऊजींच्या हातात. मागं ज्वारीचे कट्टे कोंबलेले, त्यामुळं माझी सीट पार पुढं ओढलेली, गुडघ्यात आणि डॅशबोर्डमध्ये चार बोटं जागा. अंधारात समोर उसाची ट्रॉली, ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. ब्रेक लागला, पण उशिरा. पट्टा होता म्हणून डोकं वाचलं. उजवा गुडघा मात्र वाटीच्या जरा खाली डॅशबोर्डवर आदळला.

रात्रीच एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, “हाड शाबूत आहे, मुका मार आहे” म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. या दोन शब्दांनी माझा घात केला. आत्याबाईंनी सकाळपर्यंत अख्ख्या भावकीला फोन करून सांगितलं, सुनेला काही झालेलं नाही.

येळवसीला शेतात चाळीस माणूस. आदल्या रात्री परात पुढ्यात घेऊन बाजरीचे उंडे वळत बसले होते. बसलं की बसलं, उठायचं म्हणजे भिंत धरायची आणि दात आवळायचे. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, “वहिनी, सणाच्या टायमालाच कसं दुखतं वो तुमचं?” सगळे हसले. पुढं कुणीतरी हाडवैद्याकडं नेलं. त्यानं तेल लावून असं रगडलं की चार दिवस पाय टेकवला नाही.

दोन महिन्यांनी माहेरच्यांनी एमआरआय करून घेतला. दुसऱ्या डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं: बाकीचं हाड काळं, आणि नडगीच्या वरच्या टोकाला पुढच्या बाजूनं खडूनं घासल्यासारखा पांढरा डाग. हाड बाहेरून कवच असतं, आत वाळलेल्या घोसाळ्यासारखी जाळी. मार बसला की कवच तसंच राहतं, आतली जाळी बारीक बारीक तुटते, तिथं रक्त आणि पाणी साचतं. एक्स-रेला ते दिसतच नाही. डॅशबोर्डचा मार असला की गुडघ्याच्या आतलं मागचं लिगामेंटही तपासतात. माझं नशिबानं धड होतं.

किती दिवस लागतात? दीड महिन्यापासून तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त. मला पाच लागले, आणि त्यातले निदान दोन त्या उंड्यांचे आणि मालिशीचे आहेत असं माझं ठाम मत आहे. इलाज काही जादूचा नाही: पायावर भार कमी, मांडी घालणं आणि उकिडवं बसणं बंद, सुरुवातीला बर्फ. काठी दुखऱ्या पायाच्या नव्हे, दुसऱ्या बाजूच्या हातात धरायची, हे मलाही उशिरा कळलं. घरात विडी-सिगारेट ओढणारा पेशंट असेल तर त्यानं ती सोडावी, हाड भरायला त्यानं वेळ लागतो. आणि मालिश नको म्हणजे नको, कितीही नावाजलेला हाडवैद्य असू दे.

एमआरआय प्रत्येकाला लागतो असं नाही, स्वस्तही नाही. पण दोन महिने झालेत आणि दुखणं हटत नाही, तर हाडांच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवा आणि स्वतः विचारा. रिपोर्ट हातात आला की घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवा. मी दाखवला. ‘मॅरो एडिमा’, म्हणजे हाडाच्या आत साचलेलं पाणी, भाऊजींना कळलं नाही, पण पांढरा डाग कळला. तरी अजून म्हणतात, “ब्रेक मी टायमावरच मारला होता.” ऐंशीच्या स्पीडला होते, मी काटा बघितला होता.

हां, मी डॉक्टर नाही. गुडघा अडकत असेल, चालताना दगा देत असेल, पायावर भारच देता येत नसेल, पोटरी सुजून गरम झाली असेल किंवा ताप असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवून आजच जा. पेशंट वयस्कर असेल तरी थांबू नका, बारीक फ्रॅक्चरही एक्स-रेत कधीकधी निसटतं.

यंदा येळवसीला उंडे मी ओट्यापाशी खुर्ची टाकून केले. आत्याबाईंनी एकदा खुर्चीकडं बघितलं आणि अंबिल ढवळत बसल्या.