दोन पृष्ठांच्या मेश जुळवताना

प्रश्न : मांडीचे हाड आणि त्यात बसवलेला कृत्रिम सांध्याचा धातूचा दांडा यांचे फायनाइट एलिमेंट मॉडेल (वस्तूचे एलिमेंट म्हणजे लहान तुकडे पाडून गणित करणारे संगणकीय मॉडेल) मी करीत आहे. पृष्ठभाग टेकलेले दिसतात, पण नोड (तुकड्यांचे कोपऱ्यांचे बिंदू) जुळत नाहीत आणि भार देताच दांडा हाडात घुसतो. काय करावे?
— एक वाचक, माटुंगा, मुंबई

उत्तर : पृष्ठभाग पडद्यावर टेकलेले दिसले, तरी सामाईक नोड, त्यांना बांधणारे निर्बंध किंवा संपर्काची व्याख्या नसेल, तर सॉल्व्हरच्या (समीकरणे सोडवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लेखी ते दोन सुटे पदार्थच असतात. दोन्ही घट्ट चिकटलेले मानायचे असतील, तर आधी भूमितीतच संपर्कपृष्ठ एक करून घ्यावे, त्यावर त्रिकोणांची मेश (जाळी) एकदाच पाडावी आणि तिच्यापासूनच दोन्ही बाजूंचे चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचे) एलिमेंट तयार करावेत. माझ्या मते हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. जवळचे नोड एकत्र करण्याची सहिष्णुता (किती अंतरापर्यंतचे नोड एक मानायचे ती मर्यादा) वाढवत नेण्याचा मोह होतो खरा, परंतु ती सर्वांत लहान कडेच्या लांबीजवळ पोहोचली, की एलिमेंट चपटे होतात किंवा नाहीसेच होतात. सीटी स्कॅनवरून काढलेल्या एसटीएल फाइलमधील (पृष्ठभाग त्रिकोणांनी मांडणाऱ्या फाइलमधील) त्रिकोण फक्त आकार सांगतात. त्यांचा दर्जा विश्लेषणाला पुरेसा असेलच असे नाही, म्हणून त्या पृष्ठावर मेश नव्याने पाडावी.

अशी सामाईक मेश जमत नसल्यास टाय निर्बंध (दोन पृष्ठे एकमेकांना बांधणारी अट) वापरावा आणि त्यात सहसा बारीक मेशचे पृष्ठ स्लेव्ह (दुसऱ्या पृष्ठामागे चालणारे) धरावे. दांडा किंचित सरकणे हाच अभ्यासाचा विषय असेल, तर मात्र नोड एकत्र करूच नयेत. दोन्ही पृष्ठांवर समोरासमोर स्वतंत्र नोड ठेवून त्यांच्यात घर्षणासह संपर्क द्यावा.