मुंजीला १५० माणसं: पंगत की बुफे?

मुंजीच्या १५० पाहुण्यांपैकी निम्मे साठीपुढचे असतील, तर टेबल-खुर्चीची पंगतच ठेवा. ताट हातात धरून उभ्यानं जेवणं त्यांना जमत नाही. हॉलमध्ये एका वेळी ५० बसत असतील तर तीन पंगती होतील, शेवटच्यांना उशीर होणारच. म्हणून वाढपी किती येणार, हे केटररला आधीच विचारा. पंगत रखडते ती तिथंच. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा हा बेत वाढण्यातच शोभतो. बुफेत अळूचं फदफदं थेट कोशिंबिरीत शिरतं! तरुण मंडळींसाठी बाजूला छोटा बुफे चालेल. दर ताटावर ठरवा आणि किमान ताटांचा आकडा जरा हात राखूनच सांगा. वाढीव दहा-पंधरा ताटं बहुतेक केटरर निभावून नेतात, न जेवलेल्यांचे पैसे मात्र सहसा सोडत नाहीत.