पत्राचा मायना आणि शेवटचं 'युअर्स'

इंग्रजी पत्राच्या मायन्याबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न : 'युअर्स फेथफुली' कधी आणि 'सिन्सिअरली' कधी?
मायन्यात नाव नसेल, नुसतं 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' असेल तर फेथफुली; 'डिअर डॉ. पाटील' असेल तर सिन्सिअरली. हा ब्रिटिश रिवाज. अमेरिकेत नुसतं 'सिन्सिअरली' चालतं.

प्रश्न : 'युअर्स'मध्ये एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी द्यायची का?
नाही. कधीच नाही.

प्रश्न : अधिकारी बाईंचं लग्न झालंय की नाही, ठाऊक नाही. ऑफिसात म्हणतात, 'मिझ' घटस्फोटितांसाठी असतं. मग मिस लिहू की मिसेस?
ही ऐकीव गोष्ट आधी डोक्यातून काढा. एम-एस अशी दोनच अक्षरं, उच्चार 'मिझ', आणि ती लग्नाबद्दल काहीही सांगत नाहीत; त्यासाठीच ती आहेत. पुरुष लग्नाआधीही मिस्टर, नंतरही मिस्टर. मग बाईनंच पाकिटावर संसाराचा हिशेब का द्यायचा? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका वर्तमानपत्रानं 1901 मध्येच हे संबोधन सुचवलं होतं. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं ते स्वीकारायला 1986 उजाडलं. आपल्याकडे अजून अंदाजानं 'मिसेस' ठोकून देतात. माझ्या एका विद्यार्थिनीनं विभागप्रमुख बाईंना 'मिसेस' लिहिलं. त्या पीएचडी झालेल्या, अविवाहित. उत्तर आलं, खाली सही ठसठशीत : 'डॉ.' तेव्हा त्यांची जुनी सही बघा, नाहीतर कार्यालयात फोन करून सरळ विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : आमच्या अध्यक्षांना पद्मश्री आहे. लेटरहेडवर नावाआधी छापू?
नको. हे पुरस्कार म्हणजे पदव्या नव्हेत, ते नावाच्या मागे-पुढे लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये स्पष्ट केलंय. छपाईआधी वकिलांना मजकूर दाखवा.

प्रश्न : लंडनच्या सर्जनना 'डॉक्टर' लिहिलं, उत्तरात त्यांनी 'मिस्टर' लिहिलंय. चुकलं का?
तिथे सर्जन 'मिस्टर' किंवा 'मिस' लावतात. शस्त्रक्रिया न्हाव्यांच्या संघाकडे होती, सर्जनांकडे वैद्यकाची पदवी नसे, तेव्हापासूनची ही रीत. 1745 मध्ये ते वेगळे झाले तरी संबोधन टिकलं. पुढच्या पत्रात त्यांनी लिहिलंय तसंच लिहा.

प्रश्न : 299 रुपयांत 500 तयार पत्रं मिळताहेत. प्रवेशअर्जाची मुदत परवा संपते. घेऊ का?
घेऊ नका. अशी एक फाइल मी पाहिलीय : वर 'डिअर सर ऑर मॅडम', खाली 'युअर्स सिन्सिअरली', आणि मध्ये विद्यापीठाच्या नावाची जागा कोरी. ती कोरी तशीच पाठवणारी मुलंही पाहिलीत. महिनाभर काय करत होतात? आज विभागाच्या संकेतस्थळावरून प्रमुखांचं नाव आणि हुद्दा उतरवून घ्या, स्वतः पत्र लिहा, आणि उद्या सकाळी तुमच्या प्राध्यापकांना दाखवून मगच पाठवा.