‘वाइल्डकॅट’ काडतुसाला मराठीत काय म्हणावे?

रायफलींवरील लेखाचा अनुवाद करताना ‘वाइल्डकॅट कार्ट्रिज’साठी, म्हणजे कोणत्याही कंपनीने बाजारात न आणलेल्या, प्रचलित काडतूस बदलून घडवलेल्या काडतुसासाठी, ‘रानमांजर काडतूस’ लिहावे की ‘गावठी काडतूस’, असा प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत बेभरवशाच्या नोटा काढणाऱ्या बँकांना ‘वाइल्डकॅट’ म्हणत. पुढे तेलाचा ठावठिकाणा नसलेल्या भागात खोदलेली विहीर आणि संघटनेच्या संमतीवाचून झालेला संप यांनाही तेच विशेषण लागले. मान्यतेच्या चौकटीबाहेरचे, हा या साऱ्यांतला समान धागा आहे, आणि त्यात मांजर कुठेच उरलेले नाही. ‘गावठी’ म्हटले की मराठी वाचकाला गावठी कट्टा, म्हणजे ओबडधोबड आणि बेकायदा वस्तू आठवते. ही काडतुसे मात्र अतिशय काटेकोर मापांनी घडवलेली असतात.

‘.३०-०६’ या प्रचलित रायफल काडतुसाची पितळी पुंगळी घेऊन तिची मान, म्हणजे गोळी धरणारा वरचा अरुंद भाग, आवळली, की जिथे ७.८२ मिलिमीटर व्यासाची गोळी बसत होती तिथे ६.५३ मिलिमीटरची बसते. खालचे धड आणि त्यात मावणारी दारू जवळपास तेवढीच राहते, त्यामुळे हलकी गोळी अधिक वेगाने सुटते. हेच ‘.२५-०६’. कधी मान तशीच ठेवून खांद्याचा, म्हणजे धड आणि मान जोडणाऱ्या भागाचा, उतार बदलतात; अमेरिकी बंदूक कारागीर ॲक्ली यांच्या सुधारित काडतुसांत तो ४० अंशांचा असतो. बदललेल्या पुंगळीला जुळेल असे चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची पोकळी, रायफलीतही कोरून घ्यावे लागते.

या घडणीवरून ‘फेरघडणीचे काडतूस’ हा शब्द मला प्रथम सुचला, आणि वापरलेली पुंगळी पुन्हा भरणे, म्हणजे ‘फेरभरणी’, हिच्यापासून तो वेगळाही राहतो. तरी तो पुरत नाही, कारण ‘.२७० विंचेस्टर’ची पुंगळीही ‘.३०-०६’च्याच कुळातली आहे, पण ते काडतूस १९२५ साली विंचेस्टर कंपनीनेच बाजारात आणले, म्हणून ते वाइल्डकॅट ठरत नाही. उलट ‘.२५-०६’ कित्येक वर्षे हौशी नेमबाज आणि बंदूक कारागीर यांच्यातच वावरले आणि १९६९ साली रेमिंग्टन कंपनीने स्वीकारल्यावर प्रमाण झाले. बोलीतला शब्द कोशात दाखल व्हावा, तसेच हे घडले.

म्हणून ‘अप्रमाण काडतूस’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. ‘अप्रमाणित’ मात्र लिहू नये. त्यात तपासणी न झाल्याची छटा येते. पहिल्या उल्लेखात ‘वाइल्डकॅट, म्हणजे प्रचलित पुंगळीची फेरघडण करून केलेले अप्रमाण काडतूस’ असे लिहावे, पुढे नुसते ‘अप्रमाण काडतूस’ पुरेल. मूळ लेखात ‘.२५-०६’ आले असेल, तर काळ पाहूनच हे विशेषण लावावे. १९६९ नंतरच्या संदर्भात ते चुकीचे ठरेल.